विरजणाचं गाडगं

भांडीकुंडी बोलत होती, त्या काळातली गोष्ट. यमुनाकाकूंच्या फडताळात दह्याचं एक गाडगं होतं. शेजारणी विरजण मागायला आल्या की ते खुशाल चमचाभर दही द्यायचं.

"वाट, वाट! एक दिवस नुसता ठणठणगोपाळ उरेल," फक्त दिवाळीला बाहेर निघणारी चांदीची वाटी फणकारायची.

एका सकाळी मांजरानं गाडगं चाटूनपुसून साफ केलं. आता दही लागायचं कसं?

"बाई गं, विरजणच गेलं!" काकू ओरडल्या. ते ऐकून शेजारच्या शेवंताबाई धावत आल्या, मागोमाग गोदाक्का, हुसेनाबी! प्रत्येकीच्या हातात चमचाभर दही.

"काकू, हे तुमचंच हो!"

गाडगं हरखून गेलं. "वाटीबाई, माझं दही घरोघरी आहे!"

वाटी कळवळून म्हणाली, "काकू, मला बाहेर काढा! माझ्याकडेही कुणी काही मागायला येऊ दे!"