येसू कोष्टिणीच्या मोगऱ्याची कहाणी

ऐका फुलाई, तुमची कहाणी. नगर होतं आटपाट, नगरात मागांची आळी, आळीत येसू कोष्टीण राहत होती. धनी देवाघरी गेलेला. पोटी एकच लेक, मैना. घरात एक माग, अंगणात एक मोगरा. मोगरा मैनेनं लहानपणी लावलेला. चैत्र आला की फुलायचा, आळीभर वास जायचा.

मग मैना उपवर झाली. परगावी दिली. विहीण मोठी शिस्तीची. मांडवातच म्हणाली, "येसूबाई, चैत्रात आमच्या गौरीला तुमच्या अंगणातला मोगरा यायचा. फुलांची परडी येईल, तिच्याबरोबर लेक माहेरी जाईल. परडी नाही तर लेक नाही." येसू बरं म्हणाली. फुलांना काय तोटा होता?

लेक सासरी गेली, घर खायला उठलं. मग येसू मोगऱ्यालाच मैना म्हणू लागली. त्याच्याशी बोलायची, त्याला गोंजारायची, पानाला कुणाचा हात लागू द्यायची नाही. शेजारणी हसल्या. हसोत बापड्या, त्यांच्या लेकी आळीतच दिल्या होत्या.

मग मार्गशीर्ष आला. दारी एक म्हातारी आली, कमरेला कोयती खोचलेली. फुलाईच ती, पण येसूला काय ठाऊक? म्हातारी म्हणाली, "बाई बाई, झाड निजायला आलंय. पाणी तोड." येसू म्हणाली, "लेकीला तहानेली ठेवू होय?" आणि रोज घागर ओतली.

मग माघ आला. म्हातारी पुन्हा आली. "बाई बाई, पाला काढ, फांद्या छाट, मुळांना ऊन दाखव." येसू म्हणाली, "आजी, आम्ही कोष्टी. मागावरचा धागा तुटला तर आम्ही सांधतो, त्याला कात्री लावीत नाही. माझ्या लेकीच्या झाडाला मी लावू?" तिनं सूत घेतलं, लोंबत्या फांद्या बांधल्या, वाळक्या फांद्या हिरव्यांना सांधल्या, गाठीवर गाठ मारली. झाड दिसायला मागासारखं झालं.

मग चैत्र आला. म्हातारी तिसऱ्यांदा आली. "बाई बाई, एक फूल दे." येसूनं पान न् पान उलटलं. पाला उदंड, फूल नाही, कळी नाही. म्हातारी आली तशी गेली.

परडी रिकामी राहिली. विहिणीचा निरोप आला, "ठरलं ते ठरलं." मैना आली नाही. येसूनं त्या दिवशी माग चालवला नाही, चूल पेटवली नाही, मोगऱ्यापाशी बसून राहिली. तरी झाडाला घागर ओतायची सोडली नाही. वेडी माया, दुसरं काय?

मग फिरून पौष आला. निरोप आला, मैनेला दिवस गेलेत. पहिलटकरीण, बाळंतपण माहेरी व्हायचं. पण परडीवाचून विहीण धाडते कशी? लेक परक्या हातांत बाळंत होणार, आईला तोंडही दिसणार नाही. येसू उठली, म्हातारीला शोधत धावत वेशीपाशी गेली. म्हातारी पारावर बसली होती. येसूनं तिचे पाय धरले. म्हणाली, "आजी, माझं काय चुकलं?"

म्हातारी म्हणाली, "लेक होती तेव्हा झाड फुलत होतं, ते कसं?"

"आपसूक."

"आपसूक नाही. दर माघात मैना छाटायची. तू मागावर असायचीस, अंगणाकडे पाठ करून."

येसूची मान खाली गेली. म्हातारी म्हणाली, "लुगडं विणून झालं की काय करतेस?"

"मागावरून उतरवते."

"कसं उतरवतेस?"

"कापून," येसू म्हणाली. तिची नजर म्हातारीच्या कोयतीवर गेली.

"मग वसा घे. थंडीत पाणी तोडावं. माघात पाला काढावा, फांद्या छाटाव्या, मुळं उकरून उन्हाला द्यावी. मग शेणखत घालावं, माती लोटावी, पाणी सोडावं. माया करावी, पण हात धरून बसू नये. घेतला वसा अर्ध्यावर सोडू नये."

येसू घरी आली. पाणी तोडलं. माघ आला, सुताच्या गाठी सोडल्या, कोयती घेतली. पहिली फांदी तोडली, हुंदका आला. दुसरी तोडली, हात कापला. तिसरी तोडली, मग तोडतच गेली. अंगणात नुसते खुंट उरले. मुळांना ऊन दिलं, खत दिलं, पाणी दिलं. मग पालवी आली, मग कळी आली, मग चैत्र आला. मोगरा असा फुलला की पान दिसेना.

परडी गेली, मैना आली. ज्येष्ठात बाळंत झाली, मुलगी झाली. येसूनं नातीसाठी दुपटं मागावर लावलं. म्हणाली, "दुपटं पुरं झालं की जा हो." आषाढ गेला, श्रावण लागला, दुपटं काही पुरं होईना. सासरहून माणूस येऊन बसला. मैना आईच्या हाताकडे बघत होती.

येसूनं अंगणात पाहिलं. मग उठली. कात्री घेतली, दुपटं मागावरून कापून उतरवलं, नातीला गुंडाळलं. मोगऱ्याची एक फांदी छाटली, ओल्या फडक्यात बांधली, मैनेच्या हाती दिली. "तुझ्या अंगणात लाव. माघात छाट," म्हणाली. लेक वेशीपार होईतो दारात उभी राहिली. रडली, पण हाक मारली नाही.

येसूला फुलाई पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. ज्याच्या अंगणी जे झाड असेल ते वेळेला निजो, वेळेला फुलो. ज्यांच्या लेकी लांब दिल्या, त्या चैत्रात माहेरी येवोत. साठा उत्तरांची कहाणी पाच उत्तरांत छाटली, फुलली, फळली, संपूर्ण झाली.