तांबट आळीतला निकाल

हरबा तांबट वारला आणि मागे त्याचा हंड्यांचा कारखाना आणि एकटी मुलगी उरली, चिमा. जन्मापासून बहिरी, पण हंडे घडवण्यात बापाच्या तोडीची. संस्थानचे कारभारी त्र्यंबकराव यांनी मात्र कचेरीत निकाल दिला, "बहिरीला बोललेलं कळत नाही, ती कारखाना काय चालवणार? हरबाच्या पुतण्याला द्या." पुतण्या कचेरीतच कारकून होता. त्यानं हातोडा कधी धरला नव्हता.

चिमानं हातांनी काही सांगितलं. जुना कारागीर सदबा म्हणाला, "सरकार, ती म्हणते, हाच निकाल कारखान्यात येऊन सगळ्यांना ऐकवा."

दुसऱ्या दिवशी कारभारी पुतण्याला घेऊन ऐटीत आले. आत वीस हातोडे तांब्यावर पडत होते. कारभारी घसा ताणून ओरडले, पण शेजारच्या पुतण्यालाही ते ऐकू गेलं नाही. कारागीर मात्र खुशाल बोलत होते, हातांनी. त्या गोंगाटात तांबट पिढ्यानपिढ्या असेच बोलतात. चिमानं बोट हलवलं की भाता थांबे, तळवा उलटा केला की हंडा फिरे. मग तिनं पाहुण्यांकडे बघून काही सांगितलं आणि सगळे हसले.

कारभाऱ्यांनी सदबाला खुणेनं विचारलं, काय म्हणाली?

चिमानं हात वर करताच हातोडे थांबले. सदबा म्हणाला, "ती म्हणते, बोललेलं न कळणाऱ्याला कारखाना देऊ नये, हे सरकारचं म्हणणं अगदी खरं. इथं तशी दोनच माणसं आहेत. एक पुतण्या. दुसऱ्याचं नाव घेऊ नको म्हणाली."

हातोडे पुन्हा सुरू झाले. कारभाऱ्यांनी निकाल फिरवला, तोही चिमाकडे हात करून.