न विसरणारी चिप

ही गोष्ट आज नवी आहे, पण सांगता सांगता जुनी होईल. गुरांच्या एका दवाखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये दोन मैत्रिणी राहत. हार्ड डिस्क सगळं जपून ठेवी, पण सावकाश. रॅम भारी चपळ, पण वीज गेली की तिच्या डोक्यातलं सगळं पुसलं जाई. मग डॉक्टर वैजयंता मॅडम लसीकरणाची अर्धवट यादी पुन्हा पहिल्यापासून टाइप करत.

एके दिवशी त्यांच्या शेजारी नवी चिप आली. "मी रॅमइतकीच चपळ आहे आणि वीज गेली तरी काही विसरत नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही?" रॅमला मोठं कुतूहल वाटलं.

"काहीच नाही!"

दुपारी वीज गेली आणि आली. यादी शेवटच्या म्हशीपर्यंत जिथल्या तिथे होती. रॅमने आ वासला.

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटर हँग झाला. दारात आजारी गाय ताटकळत होती, आणि तिला मागे कोणतं औषध बाधलं ते बघायचं होतं. मॅडमनी नेहमीचा उपाय केला. बटण बंद केलं, दहा आकडे मोजले, बटण चालू केलं. चिपने अडकलेलं सगळं जसंच्या तसं पुन्हा मांडलं. तीनदा हेच झालं.

"असं का होतंय गं?" चिप रडकुंडीला आली.

"तू अडकणंही जपून ठेवतेस म्हणून," रॅम म्हणाली. "यादी ठेव, बाकीचं सोडून दे. सोडून देण्याचं काम तर मी इतकी वर्षं करत आले."

मॅडमनी पुन्हा बटण दाबलं. पडदा उजळला, बाण हलला, औषधाचं नाव दिसलं. गाय आत आली.

"मघाशी मी कशात अडकले होते गं?" चिपने विचारलं.

"शाब्बास!" रॅम म्हणाली.