वस्ताद पडले तेव्हा

"मग तालीम माझ्या हाती द्यायला अडतंय कुठं, वस्ताद?"

रंगरावानं बाह्या वर सारल्या. वय पन्नाशीच्या पुढं, पण दंड ऐन ज्वानीतल्या पैलवानाचे. शहरातल्या जिममध्ये यंत्रांवर बसून कमावलेले. गावात परतल्यापासून येईल त्याला तो ते दाखवत होता.

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या हौदाच्या काठावर बसले होते. ऐंशी ओलांडलेली, अंगावर मूठभर मांस. त्यांनी रंगरावाचा दंड चाचपून पाहिला.

"लोखंड आहे."

"मग?"

वस्ताद उठले, हौदातल्या तांबड्या मातीत दोन पावलं चालले... आणि कोसळले.

"वस्ताद!"

रंगराव धावला. म्हातारा उताणा पडला होता. डोळे मिटलेले, तोंड उघडं. हाक मारली, गाल थोपटले... काही नाही. तालमीत दुसरं कुणीच नव्हतं.

दवाखाना वेशीपाशी. उचलून न्यायचं, एवढंच त्याला सुचलं. त्यानं वाकून वस्तादांच्या काखेत हात घातले. ढिला पडलेला देह. मान एकीकडे कलंडे, पाय दुसरीकडे निसटत. एवढासा म्हातारा धोंड्याहून जड झाला. रंगरावाचे दंड तटतटून फुगले, पण कंबर साथ देईना. गुडघ्यात कळ उठली... आणि तो स्वतःच धाडकन वस्तादांच्या शेजारी आडवा झाला.

उठायला गेला. जमेना. धरायला ना खुर्ची, ना भिंत.

"वस्ताद, जाऊ नका हो..." त्याला रडू फुटलं.

वस्तादांनी एक डोळा उघडला.

मग ते रोजच्या सवयीनं कुशीवर वळले. आधी तळवा टेकला, मग गुडघा, मग पाऊल... आणि लुंगीची माती झटकत उभे राहिले.

रंगराव मातीत पडून बघतच राहिला.

"तुम्ही... मला वाटलं, तुम्ही..."

"मलाही वाटलं होतं, तू उचलशील."

रंगरावानं मान फिरवली. दंडांना, तोंडाला, सगळीकडे माती लागली होती.

"आता काय करू मी, वस्ताद?"

"उद्या सकाळी ये," वस्ताद म्हणाले. "माझ्याबरोबर पडायला."