मागच्या कोपऱ्याची पोटनिवडणूक

कोंबड्या मतदान करायच्या, त्या काळची गोष्ट. चिकनच्या दुकानातल्या पिंजऱ्यात मागचा कोपरा पिंजराप्रमुखाचा असे, कारण दुकानदाराचा हात तिथवर पोचत नसे. प्रमुख कोंबडा उन्हाने गेला आणि पोटनिवडणूक लागली.

ठुमकी कोंबडीला तो कोपरा हवाच होता. "बायांनो, दाराशी येऊन मत द्या, मोजायला बरं पडतं," ती म्हणाली.

"आणि तू गं?" म्हाताऱ्या लंगडीने विचारलं.

"मी उमेदवार ना, मावशी. मी मागे थांबते."

जी जी दाराशी गेली, तिला तिला दुकानदाराच्या हाताने उचललं. लंगडीही गेली. शेवटी ठुमकी एकटीच उरली, म्हणजे बिनविरोध निवडून आली. कोपऱ्यात उभं राहून तिने रिकाम्या पिंजऱ्यासमोर आभाराचं भाषण सुरू केलं.

दुकानदाराचा हात पोचेना. मग त्याने पिंजराच उचलून दाराकडे तिरका केला. ठुमकी भाषण करत करतच घसरत खाली आली.