भुईचाफ्याचा साक्षीदार

"उद्या दुपारपर्यंत कंद दाखव, नाहीतर चंबूगबाळे आवरून राज्याबाहेर चालता हो!" राजेसाहेबांनी रावजी माळ्याला फर्मावले. वर अट घातली, की वाफ्यातली माती उकरायची नाही.

झाले असे, की राणीसाहेबांनी माहेराहून भुईचाफ्याचे कंद आणले होते. पाडव्याला त्यांचे बंधू फुले बघायला येणार होते आणि वाफा तर टकलासारखा उघडा! रावजीने कंद विकून खाल्ले, असे कुणीतरी राजेसाहेबांच्या कानात सोडले. रावजीने हात जोडून सांगितले, की भुईचाफ्याची पाने थंडीत गळतात आणि वसंतात फूल थेट मातीतून वर येते. आत्ता खुरपे लागले, तर कोंब मोडून सगळी फुले जातील. राजेसाहेब असे, की त्यांना चुगली पटली आणि खुरप्याचे म्हणणेही पटले.

रावजी घरी येऊन ताटावर नुसता बसून राहिला. या वयात बाग सोडून जायचे कुठे? त्याची मुलगी ठकू हिने सगळे ऐकून घेतले.

"आबा, जेवा बघू. उद्या साक्षीदार मी आणते."

दुसऱ्या दिवशी सारा दरबार बागेत जमला. ठकू आली ती दोराला बांधलेले एक दांडगे डुक्कर घेऊन! मानकऱ्यांनी धोतरे सावरली. डुकराने गुलाबाकडे पाहिले नाही की झेंडूला हुंगले नाही. नाक जमिनीला लावून ते ठकूला ओढत थेट त्या उघड्या वाफ्याशी गेले आणि मुसंडी मारायला लागले. ठकूने दोर थोडा सैल सोडला.

पाडवा, मेहुणे आणि राणीसाहेबांचा चेहरा, सगळे एकदम राजेसाहेबांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

"अगं, ओढ त्याला! सगळे कंद खाईल ते!"

ठकूने दोर आवळून धरला आणि भोळेपणाने विचारले, "कंद? कुठले कंद, महाराज? ते तर माझ्या आबांनी विकले ना?"

राजेसाहेब असे हसले, की पागोटे सांभाळता सांभाळता त्यांची पुरेवाट झाली. त्यांनी हातातले कडे काढून ठकूला दिले, ती बाग रावजीला इनाम करून दिली आणि साक्षीदारापुढे टोपलीभर रताळी ओतायला सांगितली.