आनसाक्काचं न्हाणं

फार वर्षांपूर्वी, म्हणजे साबणाची वडीसुद्धा घाट उतरून खाली आली नव्हती आणि डोकं धुवायचं तर आधी रानात जावं लागायचं, तेव्हा पाणसोंड गावात आनसाक्का नावाची एक बाई राहत होती. नीट बसा, वेण्या घालता घालता ऐकलं तरी चालेल. गोष्ट डोक्याचीच आहे.

पाणसोंड घाटाच्या अगदी पायथ्याशी. एका अंगाला दाट रान, दुसऱ्या अंगाला नदी, आणि नदीत उतरता उतरता एक लांबरुंद कातळ. त्या कातळावर बसून आनसाक्का गावाची डोकी धुवायची. आता तुम्ही म्हणाल, डोकं काय, कुणीही धुतं. धुतं ना, पण कसं धुतं ते बघा की! आनसाक्का शिकेकाईच्या शेंगा स्वतः तोडायची. तो वेल असा काटेरी की एकदा लुगडं धरलं की सोडायचं नाव नाही. शेंगा तपकिरी होऊन आत बिया खुळखुळायला लागल्या की तोडायच्या, त्याआधी हात लावायचा नाही. मग त्या कडक वाळवायच्या, त्यात रिठ्याची सालं, आवळकाठी, नागरमोथा आणि मूठभर मेथी घालून उखळात कुटायचं. ती कुटायला बसली की सगळी आळी शिंकत असायची आणि म्हणायची, चला, आनसाक्कानं मुसळ धरलं.

कोंडा झालेल्याला ती आंबट ताक लावायची. उवा झालेल्या पोरीला सीताफळाच्या बियांची पूड लावायची, पण आधी डोळ्यांवर फडकं घट्ट बांधून. असं म्हणतात, की तिची पावलं वाजली की उवा आपणहून खाली उतरून चालू पडायच्या. टाळू कोरडी असेल तर आदल्या दिवशी कोमट खोबरेल. नुसते केस चोळणाऱ्या बाईवर तर ती खेकसायचीच. म्हणायची, केस म्हणजे पीक, टाळू म्हणजे रान. पीक कुरवाळून काय होतंय, रान बघा आधी. आणि कुणाच्याही डोक्यावर पाणी ओतण्याआधी पहिली ओंजळ ती आपल्या मनगटावर ओतून घ्यायची. पाटलीण असो की गुराख्याची पोर, पहिलं पाणी आपल्या अंगावर. तो तिच्या हाताचा नेमच होता.

तिच्या हाताखाली फेस असा यायचा की बोलायची सोय नाही. चिमूटभर शिकेकाईत बाईचं तोंड दिसेनासं व्हायचं. असं म्हणतात, की लग्नाच्या आधी आनसाक्कानं न्हाऊ घातलेल्या नवरीच्या केसांचा वास तिच्या नातवंडांपर्यंत टिकायचा. खरं-खोटं त्या नवऱ्या जाणोत.

पण तिच्या स्वतःच्या डोक्यावर? शिकेकाई कुटणारीच्या नशिबी उंदराची शेपटी! लहानपणी देवी आल्या, जीव राहिला, केस गेले. परत आले ते असे, की सगळे मिळून बोटाला गुंडाळले तर बोट झाकणार नाही. आनसाक्काच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, आणि आईच्या मागं तिचं डोकं कधी कुणी धुतलं नाही. कोण धुणार? ती ते दारामागं, आतून कडी लावून, एकटीच उरकायची. त्याचं तिला तेव्हा फार काही वाटत नव्हतं. गावातलं प्रत्येक डोकं आपलंच आहे, असं ती मानायची. ते खरं होतं तोवर सगळं ठीक चाललं होतं.

मग तिच्या धाकट्या दिराचं लग्न झालं आणि द्वारकी घरात आली.

द्वारकी घाटावरची पोर, साधी, हसरी, जरा वेंधळीसुद्धा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आनसाक्का तिला कातळावर घेऊन गेली. नव्या जावेला न्हाऊ घालायचा मान थोरलीचा. द्वारकीनं अंबाडा सोडला. केस खांद्यावर आले, कमरेवर आले, गुडघ्यावर आले, कातळावर पसरले, आणि टोकं जाऊन नदीत पडली. धुणं धुणाऱ्या बायांचे हात थांबले. असं म्हणतात, की नदीसुद्धा त्या केसांना वळसा घालून गेली.

आनसाक्कानं विचारलं, काय लावतेस गं केसांना? द्वारकी म्हणाली, काही नाही. ओढ्याची माती लावते, पाण्यानं धुते, झालं.

काही नाही! आनसाक्कानं आयुष्य घातलं होतं, काट्यांनी हात फाडून घेतले होते, आणि ही पोरगी म्हणते काही नाही. त्यात घरी गेल्यावर सासू बोलून गेली. म्हातारी मनानं वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. म्हणाली, "आनसे, तुजी समदी विद्या एका बाजूला आणि हिचं केस एका बाजूला."

झालं. हेवा म्हणजे काय ते तिला तोवर ठाऊक नव्हतं, आता दुसरं काही ठाऊक राहिलं नाही. द्वारकी अंगणात केस वाळवायला बसली की आनसाक्का घरात जायची आणि घरात गेली की फटीतून बघायची. द्वारकीचा फणीत अडकलेला केस सापडला तर तो उचलून उजेडात धरायची. काळाभोर, जाड, मुळापासून टोकापर्यंत सारखा. तिला रडू यायचं आणि रडू आल्याचा राग यायचा. देवाला दिवा लावताना ती मनातल्या मनात म्हणायची, हिचे केस गळू देत. आणि मग स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आणि असं म्हणतात, की त्याच दिवसांत आनसाक्काच्या हाताखालचा फेस मेला.

आधी तिला वाटलं, शेंगा जुन्या. ती नव्या घेऊन आली. मग वाटलं, रिठा किडका. तोही टाकला. शेवटी तिनं पाण्याला दोष दिला आणि डोंगरातल्या झऱ्याचं पाणी डोक्यावरून वाहून आणलं. उपयोग शून्य. हात लावायची खोटी, की घंघाळातला फेस खाली बसायचा आणि नुसतं गढूळ पाणी उरायचं. एका नवरीचं डोकं तर तिनं चोळून चोळून लाल केलं, तरी तेल निघेना. नवरीच्या आईनं जाताना मागं वळून पाहिलं. आनसाक्काला ते पाहणं शिवीहून जास्त लागलं.

हळूहळू बाया द्वारकीला बोलवायला लागल्या. तू जरा हात लाव गं, म्हणायच्या. द्वारकीला त्यातलं काही येत नव्हतं, ती आपली हात लावायची, आणि फेस यायचा. मेली नशीबवान! आनसाक्का उखळापाशी बसून हे बघत होती. केस गेले होते तेव्हा ती लहान होती, रडून विसरली. आता गावातली डोकी चालली होती, आणि ती गेली की आनसाक्काकडं राहणार काय होतं? उंदराची शेपटी आणि उखळ.

मग जत्रा आली. जत्रेच्या आधी थोरल्या जावेनं धाकटीला न्हाऊ घालायचं, ही घरची रीत. सासूनं आठवण केली. आनसाक्का बरं म्हणाली आणि चुलीपाशी गेली. तिनं चुलीतली राख घेतली, त्यात पानाच्या डब्यातला चुना कालवला, पाणी घालून ठेवलं आणि वरची निवळी एका कळशीत गाळून घेतली. असलं पाणी घोंगड्याचा तेलकटपणा काढायला वापरतात. केसांवर पडलं तर केसांचा काथ्या होतो आणि टाळूची सालं निघतात. हे आनसाक्काहून चांगलं कुणाला माहीत असणार?

द्वारकी कातळावर येऊन बसली, मान खाली घातली, केस पुढं टाकले. आनसाक्कानं आधी शिकेकाई लावली, नावाला. फेस काही आला नाही, पण पाणी कपाळावरून ओघळलं आणि द्वारकीनं डोळे गच्च मिटून घेतले. शिकेकाई डोळ्यात गेली तर काय होतं ते ज्याच्या गेली त्याला विचारा. आनसाक्कानं कळशी उचलली. मन म्हणत होतं, ओत. पण हाताला इतक्या वर्षांची सवय. त्यानं कळशी वाकवली ती आधी दुसऱ्या मनगटावर.

मनगट पेटलं. आनसाक्काच्या तोंडून किंकाळी फुटली, कळशी कातळावर कलंडली आणि पाणी वाहून गेलं. तिथं कातळाला पांढरा पट्टा पडला तो अजून आहे, असं म्हणतात.

द्वारकी दचकली. डोळे उघडता येईनात, म्हणून हवेत चाचपडत म्हणाली, "आक्का, काय झालं वो? भाजलं काय तुमाला?"

आनसाक्का आपल्या हाताकडं बघत बसली. मग तिच्या लक्षात आलं, की ही आपल्याला बघत नाही. आपलं तोंड हिला दिसत नाही. इतके महिने जे देवाला सांगितलं ते माणसाला सांगता येईल असा एवढाच वेळ आहे.

"द्वारके, डोळं उघडू नगंस," ती म्हणाली. "मला तुजं बगवत न्हाई. तू आलीस त्या दिसापासनं बगवत न्हाई. तुजं केस गळूदेत म्हणून मी देवाम्होरं बसत्ये. आता कळशीत राखेचं पाणी हुतं, तुज्या डोस्क्यावर घालायला आणलेलं. माजाच हात आडवा आला, न्हाईतर घातलं असतं."

आनसाक्काला वाटलं, ही आता उठेल, ओरडेल, सगळं गाव गोळा करेल.

"आदी हे धुवा," द्वारकी म्हणाली, "डोळ्यात चाललंय."

आनसाक्कानं घंघाळातलं चांगलं पाणी घेतलं, पहिली ओंजळ आपल्या भाजलेल्या मनगटावर ओतली, दुसरी द्वारकीच्या डोक्यावर, आणि बोटं टाळूला लावली. आणि फेस आला! असं म्हणतात, की आधी बोटं बुडाली, मग कोपरं बुडाली, मग दोघी जावा फेसात दिसेनाशा झाल्या. फेस कातळावरून उतरला आणि नदीत गेला. खालच्या गावच्या लोकांना वाटलं, वरच्या अंगाला कुणाच्या तरी सगळ्या म्हशींचं दूध सांडलं, आणि ते भांडी घेऊन धावले. असू दे, त्यांची भांडी तरी घासून निघाली.

केस निथळून झाल्यावर द्वारकीनं डोळे उघडले. लालभडक झाले होते. ती उठली, आनसाक्काच्या समोर आली आणि म्हणाली, "आता तुमी बसा."

आनसाक्कानं दोन्ही हातांनी पदर घट्ट धरला. म्हणाली, माझ्या डोक्यावर आहे काय धुवायला?

"मी डोळं मिटलं हुतं. आता तुमी मिटा."

आनसाक्का बसली. द्वारकीनं पदर मागं सारला. ज्या डोक्याला आईच्या पश्चात कुणाचा हात लागला नव्हता, त्याला गुडघ्याएवढ्या केसांच्या पोरीनं शिकेकाई लावली आणि टाळू चोळली, अगदी बेतानं, आनसाक्का शिकवायची तशी. चोळता चोळता द्वारकी काहीतरी बोलली. काय बोलली? कुणी म्हणतात, तिनंही आपला हेवा सांगितला, की गावातलं प्रत्येक डोकं तुमच्याकडं येतं आणि मला सगळे नुसते केस म्हणून बघतात. कुणी म्हणतात, तिनं शिव्या घातल्या, आणि घातल्या तर बरंच केलं. खरं त्या दोघींना माहीत. उठताना आनसाक्का रडत होती. शिकेकाई डोळ्यात गेली म्हणाली. शिकेकाई डोळ्यात जाऊ द्यायला ती काय कालची होती?

आता काही सांगणारे इथं लोणकढी ठोकतात, की त्यानंतर आनसाक्काला कमरेएवढे केस आले. काही आले नाहीत. एकही वाढला नाही. पण त्या जत्रेत आनसाक्का पदर खांद्यावर घेऊन हिंडली, हे मात्र सगळं गाव सांगतं.

ती गेली त्याला किती पिढ्या झाल्या ते कुणी मोजलं नाही. पाणसोंडच्या बाया मात्र जत्रेच्या आदल्या दिवशी अजून कातळावर जातात. त्याला आनसाक्काचं न्हाणं म्हणतात. दोघीदोघींनी बसायचं. एकीनं मान खाली घालून डोळे मिटायचे, दुसरीनं डोकं धुवायचं आणि धुता धुता जो हेवा असेल तो बोलून टाकायचा. तुझ्या मुलाचा, तुझ्या घराचा, तुझ्या नवऱ्याच्या शांत स्वभावाचा, काय असेल ते. मग जागा बदलायच्या. तिथं बोललेलं पुन्हा कधी उकरून काढायचं नाही. सासवासुना बसतात, सवती बसलेल्याही लोकांनी पाहिल्यात. मध्यंतरी मुंबईहून आलेल्या पोरींनी शाम्पूच्या पुड्या आणल्या होत्या, त्या न झोंबणाऱ्या. डोकं स्वच्छ निघालं, पण डोळे उघडेच राहिले, आणि उघड्या डोळ्यांसमोर कुणाच्या तोंडून अक्षर फुटेना. एरवी वापरतात हो शाम्पू, त्याला कोण नको म्हणतंय. त्या दिवशी फक्त शिकेकाई.

आणि पहिलं डोकं धुवायचं ते गावात सगळ्यांत कमी केस असलेल्या बाईचं. धुणारी, सगळ्यांत लांब केसांची. हेवा काही पाणसोंडमधून गेलेला नाही बरं का. त्या पहिल्या मानासाठी बाया दरवर्षी भांडतात. चांगल्या सुना-नातवंडांच्या म्हाताऱ्या पदर मागं सारून, वाकून, एकमेकींना आपलं टक्कल दाखवत असतात, की बघ बाई, तुझ्याहून माझे कमी आहेत.